प्रतिसाद: चार रंगांच्या पुढचं

ट्रायाज म्हणजे मोठ्या दुर्घटनेत कुणाला आधी उपचार द्यायचे हे रंगीत पट्ट्यांनी ठरवणं. त्याचे चार रंग विद्यार्थ्यांना नीट शिकवले की आपत्ती-वैद्यक पुरेसं झालं, असं एक मत आहे; ते मला अर्धंच पटतं. रंग यायलाच हवेत. पुण्यात इंटर्नशिपमध्ये आमचं मॉक ड्रिल झालं तेव्हा श्वास मिनिटाला ३० च्या वर म्हणजे लाल, म्हणजेच तातडीने उपचार, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. तरी श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास न घेणाऱ्या 'रुग्णा'ला काळी, म्हणजे मृत ठरवणारी, पट्टी बांधून पुढे जायला माझं मन धजेना. वर्गमित्रच होता तो, तरीही. मी तिथेच अडकले आणि मागचे दोन लाल तसेच राहिले.

पण माळीण आठवा. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातलं ते गाव दरडीखाली गेलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली, जिवंत निघाली ती मोजकीच. तिथे पट्ट्या बांधायला उरलं होतं कोण? मृतदेहांची ओळख पटवणं, नातेवाइकांशी बोलणं, भर पावसात चिखल उपसणाऱ्या जवानांची तब्येत आणि पिण्याचं पाणी सांभाळणं, अशा वेळी डॉक्टरचं काम हे असतं. न्यायवैद्यक आणि पीएसएमच्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यक) शिक्षकांनी ते एकत्र बसून शिकवावं, असं मला मनापासून वाटतं.