घडीचा प्लेपेन घ्यावा का, की माळ्यावरच्या अडगळीत अजून एक भर?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी, पहिलंच बाळ येतंय, सातवा संपत आलाय आणि खरेदीची यादी काही संपत नाहीये. बाकी सगळ्यावर आमचं एकमत झालंय (म्हणजे मी सांगते आणि नवरा हो म्हणतो) पण या एका गोष्टीवर गाडी अडलीये. तो चौकोनी घडीचा प्लेपेन असतो ना, चारी बाजूंनी जाळी, खाली पातळ गादी, घडी करून पिशवीत भरता येतो, तो. नवरा म्हणतो घेऊच, रात्री बाळ त्यातच झोपेल, रांगायला लागलं की त्यातच खेळेल, प्रवासाला जाताना गाडीत टाकता येईल. जाऊबाई म्हणतात अजिबात घेऊ नकोस, आमच्याकडे धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकण्यापलीकडे त्याचा काही उपयोग झाला नाही. घर दोन खोल्यांचं आहे त्यामुळे जी वस्तू येईल तिला जागा द्यावी लागणार, उगाच आणून ठेवली असं परवडणारं नाही.

एक जुना फुकटही मिळतोय, नवऱ्याच्या मावसबहिणीकडे आहे, पंधरा-सोळा वर्षं तरी माळ्यावर पडून असेल. तो घ्यावा का? आणि दुकानात एक हात लावून बघितला तर गादी एवढी पातळ आणि कडक की मला वाटलं यावर बाळ झोपणार तरी कसं, वरून एखादी मऊ दुलई घातली तर चालते ना? ज्यांनी वापरलाय त्यांनी प्लीज सांगा.

खडूस_मावशी

आत्ता घेऊ नकोस. बाळ पहिले तीन-चार महिने जिथे ठेवशील तिथेच राहतं, त्याला कुंपण कशाला? रांगायची चिन्हं दिसली की मग बघ. तोपर्यंत तुलाही कळेल घरात कुठे जागा उरलीये आणि बाळ कोणत्या स्वभावाचं निघालंय. आमच्याकडे थोरली आत ठेवली की खुशाल खेळायची, धाकट्याला आत ठेवलं की दोन मिनिटांत घर डोक्यावर. वस्तू तीच, मुलं वेगळी.

दोनदा_बाबा

मावशींशी अर्धा सहमत. प्रश्न "घ्यावा का" असा नाहीये, तुम्हाला तो कशासाठी हवाय असा आहे, कारण प्लेपेन म्हणून जे विकतात त्यात निदान दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि लोक एकीची तारीफ ऐकून दुसरी घेऊन येतात.

एक म्हणजे तुम्ही म्हणताय तो, तळ आणि गादी असलेला, घडी होणारा. यातल्या काहींना वरच्या अंगाला एक उथळ कप्पा अडकवता येतो, त्याला बॅसिनेट म्हणतात. दुसरी म्हणजे नुसतं कुंपण, प्लॅस्टिकच्या किंवा लाकडी फळ्या एकमेकींना जोडून केलेलं, तळच नसतो. ते रांगत्या बाळासाठी फार छान कारण आत मोकळी जागा भरपूर मिळते, पण ते झोपायची जागा नव्हे आणि प्रवासातही त्याचा काही उपयोग नाही.

पहिल्या दिवसापासून वापरायचा असेल तर तो वरचा कप्पा असलेलाच घ्या. आमच्याकडे दोन्ही वेळा सिझेरियन झालं आणि टाके असताना खालच्या तळापर्यंत वाकून बाळ उचलणं बायकोला शक्यच नव्हतं. कप्पा असल्यामुळे बाळ कमरेच्या उंचीवर, रात्री नुसता हात लांब केला की झालं. पण त्याची मुदत फार लहान असते हे कोणी सांगत नाही. बऱ्याच मॉडेलांत साधारण ७ किलोची मर्यादा असते, किंवा बाळ हातांवर-गुडघ्यांवर उठायला लागेपर्यंत, यातलं जे आधी होईल ते. सात किलो म्हणजे बहुतेक बाळांचे चार-पाच महिने. तेवढ्यासाठी घ्यायचा का हा हिशोब तुमचा. खालच्या मोठ्या भागात मात्र पुष्कळ काळ चालतो, आमच्या माहितीपत्रकात उंची ८९ सेंमी होईपर्यंत किंवा बाळ चढून बाहेर यायला बघेपर्यंत असं दिलं होतं.

आणि एक, वर कप्पा किंवा लंगोट बदलायचा ट्रे अडकवलेला असताना बाळाला खालच्या भागात कधीही ठेवायचं नाही. मधल्या फटीत डोकं अडकू शकतं. घाईत माणूस ट्रे काढायचा कंटाळा करतो म्हणून मुद्दाम सांगतोय.

निळी_छत्री

दुलईबद्दल मी बोलते कारण मी नवजात बाळांच्या वॉर्डात काम करते आणि हा प्रश्न घरी जाणाऱ्या प्रत्येक आईकडून ऐकते.

नाही चालत गं. ती गादी कडक आहे ना, तशीच असायला हवी. आपल्या पाठीला जे सुखाचं वाटतं ते नवजात बाळाला धोक्याचं असतं. मऊ जागेत तोंड-नाक रुतलं तर इतक्या लहान बाळाला मान वळवून सुटता येत नाही. आणि प्लेपेनमध्ये अजून एक भानगड, बाजू जाळीच्या असतात, त्यांना ताण असतो पण त्या भिंतीसारख्या ताठ नसतात. तू वरून जाड गादी घातलीस की गादीची कड आणि जाळी यांच्यात खाच तयार होते, बाळ लोळत लोळत त्यात घुसतं आणि जाळी बाहेरच्या बाजूला ताणली जाते. म्हणून सोबत येते तीच गादी, तिच्याच मापाची घट्ट बसणारी चादर, संपलं. उशी नाही, लोड नाही, कापसाचे प्राणी नाहीत, अंगावर सैल पांघरूण नाही. थंडी वाटत असेल तर अंगातले कपडे वाढव.

रात्रीच्या झोपेला चालतो का, तर हो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या सूचनांमध्ये सुरक्षितता मानकात बसणारा प्लेपेन झोपेसाठी पाळणा किंवा क्रिबच्याच रांगेत धरलाय. पाठीवर झोपवायचं, पृष्ठभाग सपाट, १० अंशांपेक्षा जास्त उतार नको, आणि निदान पहिले सहा महिने आईबाबांच्याच खोलीत पण वेगळ्या जागेवर. या शेवटच्या अटीसाठी दोन खोल्यांच्या घरात घडीचा प्लेपेन बराच सोयीचा पडतो असं माझं मत, दिवसा बाहेरच्या खोलीत, रात्री तुमच्या पलंगाशेजारी.

रात्रपाळी

निळी_छत्री, थँक्यू, दुलई रद्द. 🙏 आणि कप्प्याचं तर डोक्यातच नव्हतं. फुकटवाल्याबद्दल कोणी काही बोलेना?

मोजपट्टी

मी बोलतो, आणि जरा लांबण लावतो. घेऊ नका.

जुन्या प्लेपेनमधली मेख असते वरच्या दांडीच्या मधोमध असलेल्या बिजागरीत. घडी व्हायची म्हणून दांडी मधून दुमडते. पूर्वीच्या काही मॉडेलांत ती बिजागरी माणसाने स्वतः फिरवून लॉक करायची असायची, आणि लॉक झाली नसली तरी दिसायला प्लेपेन नीट उभा दिसायचा. मग बाळ उभं राहून दांडीला लोंबकळलं की दांडी मधोमध खचून इंग्रजी व्ही अक्षरासारखी व्हायची आणि बाळाची मान त्या खाचेत. १९९८ मध्ये शिकागोत एका पाळणाघरात सोळा महिन्यांचं मूल असंच गेलं. आणि चीड आणणारी गोष्ट म्हणजे ते मॉडेल धोकादायक म्हणून १९९३ मध्येच बाजारातून परत मागवलेलं होतं, पाच वर्षं झाली तरी ते वापरणाऱ्यांपर्यंत बातमी पोचलीच नव्हती. त्या मुलाच्या आईवडिलांनी पुढे नेटाने पाठपुरावा केला आणि २००८ च्या अमेरिकन कायद्यात त्यावर आख्खं कलम आलं. हल्ली काही बेबी प्रॉडक्टच्या खोक्यात ते नोंदणीचं छोटं कार्ड येतं आणि आपण ते रद्दीत टाकतो ना, ते त्यातूनच आलेलं. वस्तू परत मागवली तर कंपनीला तुमचा पत्ता माहीत असावा म्हणून. तर ते भरून पाठवा.

प्लेपेनसाठीचं सक्तीचं मानक तिथे २०१३ च्या फेब्रुवारीत लागू झालं. तुमचा फुकटवाला पंधरा-सोळा वर्षांचा, म्हणजे त्याच्याही आधीचा. तो वाईटच असेल असं नाही, पण मॉडेल नंबरचं लेबल शाबूत आहे का, मूळ गादी आहे का, जाळी कुठे उसवलीये का, चारही दांड्या आपोआप लॉक होतात का, एवढं सगळं तपासून यातलं एक जरी नाही आलं तरी तो नकोच. आणि पंधरा वर्षं माळ्यावर राहिलेल्याची मूळ गादी सापडली तर मला आश्चर्य वाटेल. बाहेरून मापाची गादी करून घेऊ असं कोणीतरी सुचवेलच, ते का नको हे वर निळी_छत्री यांनी सांगितलंय.

अजून एक चाचणी, नव्यालाही लागू. उभा केल्यावर प्रत्येक दांडीच्या मधोमध तळहात ठेवून जोरात खाली दाबा. जराही खचली तर लॉक बसलेलं नाही.

गोगलगाय

उभा करण्यावरून आठवलं!! कोणीच हे सांगत नाही म्हणून सांगते, नाहीतर पहिल्या दिवशी तुम्ही आणि नवरा त्या सांगाड्याशी झटापट करत बसाल. आधी तळाचा मधला भाग वरच ओढून ठेवायचा, मग चारही दांड्या एकेक करून वर खेचायच्या, टक् असा आवाज येईपर्यंत, आणि सगळ्यात शेवटी मधला भाग खाली ढकलायचा. बहुतेक जण आधी मधला भाग दाबून मोकळे होतात आणि मग दांड्या काही केल्या लॉक होत नाहीत. मिटवताना बरोब्बर उलट, आधी मधला भाग वर, मग दांडीचं बटण दाबून, दांडी किंचित वर उचलून सोडायची. ते किंचित उचलणं फार महत्त्वाचं, नुसतं बटण दाबत बसलात तर ती ढिम्म हलत नाही.

वजनही बघा हां. घडीचा म्हणतात म्हणून हलका असतो असं नाही, कप्पा, ट्रे वगैरेसकटचे दहा किलोच्या आसपास भरतात. फक्त प्रवासासाठी बनवलेले सहा-सात किलोत मिळतात पण त्यांना वरचा कप्पा सहसा नसतो. म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या सगळ्या इच्छा एकाच प्लेपेनमध्ये पुऱ्या होणं जरा कठीण दिसतंय 😄

खडूस_मावशी

एवढं सगळं वाचून मला वाटतं माझा मुद्दा बाजूलाच राहिला. प्लेपेन हा बाळ "ठेवायचा" डबा नव्हे. हल्ली बघते, बाळ झोपाळ्यातून काढायचं प्लेपेनमध्ये, प्लेपेनमधून काढायचं गाडीच्या सीटमध्ये. जमिनीवर कधी? पोटावर पडायचं, लोळायचं, कशाला तरी धरून उभं राहायचं, पडायचं, हे सगळं मोकळ्या जमिनीवरच येतं. प्लेपेन वापरावा तो आपल्याला बाथरूमला जायचंय, गॅसवर काहीतरी उकळतंय, दार वाजलं, अशा वेळी. पंधरावीस मिनिटं, फार तर अर्धा तास.

दोनदा_बाबा

मावशी, यावर पूर्ण सहमत. फक्त त्या पंधरा मिनिटांची किंमत एकट्याने बाळ सांभाळणाऱ्याला विचारा. बायको कामावर रुजू झाल्यावर मी घरी होतो आणि थोरला तेव्हा तीन वर्षांचा, हातात कायम काहीतरी टोकदार किंवा गिळण्याजोगं. धाकटीला जाळीच्या आत ठेवायचो ते तिला अडवायला नाही, थोरल्याला लांब ठेवायला. ज्यांच्याकडे कुत्रा-मांजर आहे तेही हेच सांगतील.

चिमणी_घरटं

+१, आमच्याकडे मांजर. फक्त मांजरालाच तो प्लेपेन जास्त आवडला, बाळ यायच्या आधीच उभा करून ठेवला होता तर रोज आत पसरलेलं असायचं 😑 रिकामा असताना मिटवून ठेवा.

रांगायला लागल्यावर एकदम आत टाकू नका, त्या वयात बाळाला नुकतं स्वातंत्र्य मिळालेलं असतं, चिडतंच. पाच-साडेपाच महिन्यांपासून रोज थोडा वेळ आत खेळायची सवय लावली की मग जमतं. खेळणी दोन-तीनच, आणि मोठी भरीव नकोत, त्यांच्यावर पाय देऊन चढतात. काठाला दोरीची खेळणी बांधू नका, पडद्याची दोरी हाताला येईल अशा जागी प्लेपेन ठेवू नका. आणि ओल्या फडक्याने पुसलात तर पूर्ण वाळल्यावरच पिशवीत भरा, नाहीतर असा कुबट वास बसतो की काही केल्या जात नाही.

रात्रपाळी

बापरे, केवढी माहिती. सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याला धागा वाचायला दिला, दांडीवर तळहात दाबून बघायची चाचणी त्याला भलतीच आवडलीये, आता दुकानात जाऊन सगळ्यांच्या दांड्या दाबत फिरणार.

तर फुकटवाला नाही घेत. मावसबहिणीला काय सांगायचं ते नवरा बघेल, त्याच्याकडचं नातं आहे. आता कप्पा असलेला घ्यायचा की रांगायला लागल्यावर फळ्यांचं कुंपण, एवढंच उरलं. डॉक्टरांनी सिझेरियनची शक्यता बोलून दाखवलीये त्यामुळे माझा कल कप्प्याकडे आहे. पलंगाशेजारी जेमतेम ऐंशी सेंमी जागा आहे, बसेल का?

मोजपट्टी

रुंदी बऱ्याच मॉडेलांची सत्तर-पंचाहत्तर सेंमी असते, लांबी मीटरभर. म्हणजे बसेल, पण पलंग आणि प्लेपेन यांच्यात तुम्हाला पाय ठेवायला जागा उरणार नाही. लांबीची बाजू पलंगाला समांतर ठेवून बाळंतपणाच्या आधीच एकदा अंधारात उठून बघा, कपाटाचं दार उघडतंय का तेही. आणि खोलीच्या दाराची चौकट मोजा! दिवसा बाहेरच्या खोलीत न्यायचा म्हणताय तर उभ्याचा उभा दारातून जायला हवा, रोज दोनदा मिटवून परत कोणी उभा करत नाही.

गोगलगाय

आणि चाकं आहेत का ते बघून घे. काहींना एकाच बाजूला दोन असतात, दुसरी बाजू उचलून ढकलायची. बाळ आत असताना नाही हं ढकलायचा, आधी बाळ काढून घ्यायचं.