मदत हवी आहे: १० टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये आयोडीन १ टक्काच का भरते?

प्रयोगवही: थायोसल्फेटने (आयोडीनशी अभिक्रिया करणारे रसायन) पुन्हा पुन्हा अनुमापन (थोडे थोडे रसायन घालून प्रमाण मोजणे) करूनही उत्तर दहापट कमी येत आहे. या जंतुनाशकाच्या बाटलीवर १० टक्के असे स्पष्ट छापलेले आहे. उद्याच विद्यार्थ्यांसमोर हा प्रयोग करावयाचा असल्याने, द्रावणात भेसळ आहे की काय, हे कृपया लवकर सांगावे.

निळीशाई: नमुना किती घेतला, थायोसल्फेटची तीव्रता किती होती आणि ब्युरेटचे वाचन काय आले, हे कळल्याशिवाय कोणालाही उत्तर देता येणार नाही. स्टार्च (आयोडीनबरोबर निळा होणारा सूचक) केव्हा घातला, हेही लिहावे.

टिंक्चरवाला: पोव्हिडोनचा नाद सोडून टिंक्चर घ्यावे. त्यात २ टक्के आयोडीन, सोबत आयोडाइड आणि अल्कोहोल असा सरळ हिशेब असतो. माझा सगळा अनुभव त्याचाच आहे.

प्रयोगवही: जंतुनाशक कोणते चांगले, हा माझा प्रश्न नाही. नमुना १० मि.ली., थायोसल्फेट ०.१ नॉर्मल, वाचन ७.९ मि.ली. स्टार्च अर्थातच तपकिरी रंग फिकट पिवळा झाल्यावर घातला आणि निळा रंग एका थेंबाने गेला.

मीठमसाला: आयोडीनयुक्त मिठात बहुधा पोटॅशियम आयोडेट असते. त्यावर नुसता स्टार्च टाकल्यास रंग येत नाही, म्हणून मीठ खोटे ठरवू नये.

निळीशाई: मिठाचा विषय येथे नाही. ०.१ नॉर्मल थायोसल्फेटच्या १ मि.ली.ला १२.६९ मि.ग्रॅ. आयोडीन लागते; म्हणजे आपल्या नमुन्यात सुमारे १०० मि.ग्रॅ., अर्थात १ टक्का आयोडीन आहे, आणि ते तेवढेच असायला हवे. छापलेले १० टक्के हे पोव्हिडोन आणि आयोडीन यांच्या संपूर्ण संकुलाचे (दोन्ही सैलपणे जोडून बनलेल्या पदार्थाचे) प्रमाण असून, कोरड्या संकुलात उपलब्ध आयोडीन ९ ते १२ टक्केच असते. भेसळीची शंका मनातून काढून टाकावी.

टिंक्चरवाला: म्हणजे आधीच एक टक्का, त्यात लोक पाणी घालतात! मग जंतू मरणार कसे?

रेणूबंध: येथे मी ठामपणे असहमत आहे. मूळ १० टक्के द्रावणात मुक्त आयोडीन दशलक्षात जेमतेम एक-दोन भाग असते, कारण बहुतेक सारे पोव्हिडोन या पॉलिमरच्या (लांब साखळीच्या रेणूच्या) साखळीने धरून ठेवलेले असते. तेच द्रावण ०.१ टक्क्यापर्यंत पातळ केल्यास पकड सैल होते आणि मुक्त आयोडीन दशलक्षात सुमारे २५ भागांपर्यंत चढते. जंतूंवर हल्ला करते ते हे मुक्त आयोडीनच.

निळीशाई: हे खरे असले तरी अर्धेच आहे. पातळ केल्यावर एकूण साठा शंभरपट घटतो, आणि रक्त किंवा पू यांतील प्रथिने तो चटकन संपवून टाकतात. त्यामुळे जखमेसाठी स्वतःच्या अंदाजाने पाणी घालणे मला मुळीच मान्य नाही.

प्रयोगवही: मुक्त आयोडीन इतके थोडे असेल, तर अनुमापनात पूर्ण १ टक्का कसा दिसला?

रेणूबंध: थायोसल्फेटने मुक्त आयोडीन खाल्ले की संकुल लगेच आणखी सोडते, आणि साठा रिता होईपर्यंत हे चालूच राहते. द्रावणात आयोडाइडच्या रूपात असलेले आयोडीन मात्र या मोजणीत येत नाही, कारण ते आधीच क्षपित (इलेक्ट्रॉन मिळालेले) असल्याने थायोसल्फेटकडून इलेक्ट्रॉन घेत नाही.