सँडवूड बे वगळू नये
स्कॉटलंडच्या उत्तर टोकाकडील किनाऱ्यांपैकी कोणते पाहावेत, असे विचारले की डरनेस गावाजवळचे सँगो आणि बाल्नाकील सुचवले जातात, ते योग्यच आहे. मात्र पायपिटीची तयारी असेल, तर त्याच भागातला सँडवूड बे हा किनारा वगळू नये, असे मी आग्रहाने सांगेन. तेथवर गाडीरस्ता जात नाही. ब्लेअरमोर या वस्तीपाशी गाडी लावून ओसाड माळावरून, लहानमोठ्या तळ्यांच्या कडेने सुमारे साडेसहा किलोमीटर चालावे लागते आणि परतताना पुन्हा तेवढेच, त्यामुळे गर्दीला आपोआपच चाळण लागते. वाळूवर फिकट गुलाबी झाक आहे, मागे वाळूच्या टेकड्यांआड गोड्या पाण्याचे सरोवर आहे आणि दक्षिणेच्या बाजूला आम बुआखिल हा वालुकाश्माचा सुळका थेट समुद्रातून वर आलेला दिसतो. पोहण्याचा बेत मात्र मनातून काढावा. जुलैतही पाण्याने पाय बधिर होतात आणि लाटांची ओढ जबर असते. उन्हाळ्यात वारा पडला की मिज नावाची चिलटे अक्षरशः फोडून काढतात, म्हणून डोक्यावरून घ्यायची जाळी जवळ असावी. जूनमध्ये रात्री दहानंतरही उजेड टिकतो, त्यामुळे दुपारी निघाले तरी चालते. वाटेत दुकान नसल्याने खाणेपिणे मात्र सोबतच न्यावे.