मृत्युदर, पण कोणापैकी?

आरोग्यविषयक संशोधनाचे सारांश मराठीत लिहिताना माझं घोडं एका शब्दापाशी हमखास अडतं: मृत्युदर. परवा एका मसुद्यात मीच तो तीन ओळींत तीनदा वापरला होता, आणि तिन्ही ठिकाणी अर्थ निराळा होता. एकदा सगळ्या लोकसंख्येतले वर्षभराचे मृत्यू, एकदा आजार झालेल्यांपैकी दगावलेले, आणि एकदा अतिदक्षता विभागात दाखल झालेल्यांपैकी 28 दिवसांच्या आत गेलेले.

रेबीजचं उदाहरण घ्या. लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. मग 'रेबीजचा मृत्युदर शंभर टक्क्यांच्या घरात' हे वाक्य बरोबरच. पण लोकसंख्येच्या मानाने पाहिलं, तर हृदयविकारापुढे रेबीजचा मृत्युदर अगदीच लहान. हेही बरोबर. दोन्ही वाक्यं एकाच पानावर आली तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

गंमत म्हणजे 'दर' या शब्दातच उत्तर आहे. दररोज, दरमहा, दर हजारी यांतला दर म्हणजे 'प्रत्येक'. 'दर हजारी' म्हटलं की छेद आपोआप बोलला जातो. 'मृत्युदर' म्हटलं की तो गळतो. अर्भक मृत्युदरात छेद असतो 1000 जिवंत जन्म. माता मृत्यूंचा आकडा 1 लाख जिवंत जन्मांमागे काढतात, म्हणजे त्याच्या छेदात माता नसतातच. म्हणून काटेकोरपणे ते गुणोत्तर आहे, तरी आपण सर्रास दरच म्हणतो.

माझा प्रस्ताव असा: 'मृत्युदर' लोकसंख्येपुरता राखावा आणि आजार झालेल्यांपैकी किती दगावले यासाठी 'घातकता' हा शब्द घ्यावा. तो आजाराचा गुण सांगतो. तुम्हाला काय वाटतं?

प्रतिसाद 1

मृत्युदर लोकसंख्येपुरता राखण्याला पूर्ण पाठिंबा. 'घातकता आजाराचा गुण सांगते' हे मात्र पटत नाही.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली. श्वास आणि गिळणं बंद पडलेल्या, त्या वेळच्या श्वसनयंत्रांवर ठेवलेल्या पहिल्या 31 रुग्णांपैकी 27 गेले. मग ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वासनलिकेला छेद देऊन नळी घातली आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायला सुरुवात केली. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र त्या पिशव्या दाबत बसले. मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजच्या अतिदक्षता विभागाची मुळं तिथेच शोधतात. विषाणू तोच होता. मग घातकता कोणाची बदलली? म्हणून मी 'रुग्ण-मृत्यू प्रमाण' म्हणेन. शब्द बोजड आहे, पण दोष आजाराच्या माथी मारत नाही.

आणि पाहा, '31 पैकी 27' यात जे कळतं ते '87 टक्के' मध्ये कळत नाही. मूळ आकडा किती लहान होता, हे टक्का लपवून टाकतो.

प्रतिसाद 2

टक्क्यांचा विषय निघालाच आहे तर दुसरा घोटाळाही सांगतो. तीव्र श्वसनविकारात, म्हणजे एआरडीएसमध्ये, व्हेंटिलेटरने दर श्वासाला किती हवा द्यावी यावर अमेरिकेतला मोठा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. 861 रुग्ण होते. उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनाच्या दर किलोला एका गटात 12 मिलिलिटर, दुसऱ्यात 6. मृत्यू 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर आले. आता 'मृत्यू किती टक्क्यांनी घटले?' वजाबाकी केली तर सुमारे 9. मूळ आकड्याच्या तुलनेत म्हणाल तर 22. मराठीत दोन्ही 'टक्क्यांनी'! वजाबाकीच्या फरकासाठी 'टक्केबिंदू' हा शब्द आहे, पण तो अजून सगळ्यांच्या तोंडी रुळलेला नाही. मी सरळ लिहितो: शंभर जणांमागे नऊ जण जास्त वाचले, म्हणजे साधारण अकरा-बारा जणांमागे एक. 'मागे' आणि 'पैकी' हे दोन शब्द हाताशी असताना आपण टक्क्यांच्या आहारी का जातो, कळत नाही.

प्रतिसाद 3

मी अतिदक्षता विभागात काम करणारा डॉक्टर. हा प्रश्न माझ्यासमोर कागदावर येत नाही, विभागाच्या दाराबाहेर येतो. नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, किती टक्के?" एकदा मी म्हणालो, "साठ टक्के." रुग्णाच्या मुलाचा चेहरा उजळला. त्याने तिथूनच आईला फोन लावला: "बाबा साठ टक्के बरे झाले." मला म्हणायचं होतं की अशा अवस्थेतल्या दहांपैकी सहा जण वाचतात. त्याच्या कानी पडलं ते वडिलांच्या तब्येतीचं मोजमाप. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. 'पैकी' मी गाळला होता. दोन दिवसांनी वडील गेले तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पण साठ टक्के तर झाले होते ना?"

तेव्हापासून मी टक्के सांगत नाही. "अशा दहा जणांपैकी सहा जण घरी जातात, चार जात नाहीत. तुमचे वडील कोणात असतील, हे आज सांगता येणार नाही," असं पूर्ण वाक्य बोलतो आणि समोरच्याला ते पुन्हा म्हणून दाखवायला सांगतो.

मूळ लेखक

तिघांचेही आभार. 'घातकता' मागे घेतो. कोपनहेगनचं उदाहरण वाचल्यावर तो शब्द धरून ठेवण्यात अर्थ नाही. मसुद्यातली तिसरी ओळ आधी 'अतिदक्षता विभागातील 28-दिवसीय मृत्युदर 30 टक्के' अशी होती. आता अशी केली आहे: 'अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या दर 100 रुग्णांपैकी 30 जण 28 व्या दिवसापर्यंत दगावले.' ओळ लांबली, पण 29 व्या दिवशी गेलेला माणूस यात धरलेला नाही, हेही आता वाचताना दिसतं. 'दिवसांच्या आत' बरं की 'दिवसापर्यंत', एवढं मात्र अजून सांगा.