स्टुडिओकाळातील संकलकाचा पेशा : मार्गारेट बूथ यांची पदोन्नती की अज्ञातवास?

चित्रवेडा (प्रश्न)

हॉलिवूडच्या स्टुडिओकाळाविषयी वाचताना मार्गारेट बूथ हे नाव वारंवार समोर येते आणि दर वेळी काही प्रश्न अनुत्तरित राहतात. १८९८ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेल्या बूथ १९१५ च्या सुमारास चित्रपटाच्या धंद्यात आल्या आणि १९८० च्या दशकापर्यंत काम करीत राहिल्या. २००२ मध्ये, वयाच्या १०४ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. मेट्रो-गोल्डविन-मेयर (एमजीएम) या स्टुडिओत असताना त्यांनी 'द बॅरेट्स ऑफ विम्पोल स्ट्रीट' (१९३४), 'म्यूटिनी ऑन द बाउंटी' (१९३५), 'रोमिओ अँड ज्युलिएट' (१९३६) आणि 'कमिल' (१९३६) यांसारख्या त्या काळच्या प्रतिष्ठेच्या चित्रपटांचे संकलन केले. १९३९ मध्ये त्या स्टुडिओच्या पर्यवेक्षक संकलक झाल्या आणि १९६८ पर्यंत त्या पदावर राहिल्या, मात्र या जवळजवळ तीस वर्षांत श्रेयनामावलीत संकलक म्हणून त्यांचे नाव शोधावे लागते.

औपचारिक शिक्षणाची सोय नसताना त्या काळी माणूस संकलक कसा होत असे? कोणता टेक (एकाच प्रसंगाचे एकेक चित्रीकरण) ठेवायचा आणि कोणता टाकायचा, हे ठरवण्याचा अधिकार प्रत्यक्षात कोणाकडे होता? आणि १९३९ ची ती बढती खरोखर बढती होती, की एका उत्तम कारागिराच्या हातून त्याचे काम काढून घेण्याची सभ्य रीत? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुने रीळ

पहिल्या दोन प्रश्नांविषयी लिहितो.

बूथ या धंद्यात आल्या त्या एका दुर्घटनेमुळे. त्यांचे बंधू एल्मर बूथ हे दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यांच्या लघुपटांतील नावाजलेले नट होते. १९१५ मध्ये मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला. (मोटार चालवीत होते टॉड ब्राउनिंग, जे पुढे भयपटांचे दिग्दर्शक म्हणून गाजले.) ग्रिफिथ यांनी अंत्यविधीच्या वेळी श्रद्धांजलीपर भाषण केले आणि नुकत्याच शाळेतून बाहेर पडलेल्या मार्गारेट यांना आपल्याकडे निगेटिव्हचे तुकडे जोडण्याच्या कामावर घेतले. कलेची ओढ, निवड किंवा परीक्षा यांपैकी कशाचाही त्यात संबंध नव्हता. घरातला मिळवता माणूस गेला होता आणि हे काम मुलींना सहज मिळत असे, एवढीच त्यामागची परिस्थिती होती.

हे काम बाहेरून यांत्रिक दिसले, तरी तेच त्यांचे खरे शिक्षण ठरले असे माझे मत आहे. फिल्मच्या कडेला छापलेले क्रमांक तेव्हा उपलब्ध नव्हते. त्यामुळे संकलित प्रिंटमधील तुकडा मूळ निगेटिव्हमध्ये नेमका कोठे आहे, हे चित्रे डोळ्यांनी ताडून शोधावे लागे. एकाच नटीचे एकसारखे दिसणारे दोन क्लोज-अप घेऊन हाताची उंची, पापणीची स्थिती, क्वचित निगेटिव्हवरचा टाचणीच्या टोकाएवढा ठिपका अशा खुणांवरून जोड निश्चित करायचा, हाच दिवसभराचा उद्योग होता. वर्षानुवर्षे असे काम केलेल्या माणसाला दोन टेकमधला सूक्ष्म फरक दिसू लागतो, आणि संकलकाची अर्धी विद्या हीच असते.

पुढे लुई बी. मेयर यांच्या स्टुडिओत त्या दिग्दर्शक जॉन एम. स्टाल यांच्या हाताखाली आल्या. स्टाल एकेक प्रसंग अनेक वेळा चित्रित करीत, साहजिकच टाकून दिलेली फिल्म भरपूर उरे. बूथ कामाची वेळ संपल्यावर त्या टाकाऊ तुकड्यांतून प्रसंग रचून पाहत. एका प्रसंगाचा मेळ स्टाल यांना बसेना, तेव्हा त्यांनी बूथ यांची रचना पाहिली आणि चित्रपटात तीच घेतली. १९२४ मध्ये मेट्रो, गोल्डविन आणि मेयर या तीन कंपन्यांचे एकत्रीकरण झाले आणि बूथ नव्या एमजीएममध्ये आल्या.

मूकपटात लय साधण्यासाठी त्या मनात आकडे मोजत, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. बोलपट आल्यावर हा हिशेब बदलला. चित्राची आणि ध्वनीची अशा दोन स्वतंत्र पट्ट्या सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट, एकमेकींशी तंतोतंत जुळवून न्याव्या लागत. एका पट्टीत दोन चौकटी जास्त झाल्या, तर ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ लागे. मूव्हिओला यंत्राने, ज्यात फिल्म छोट्या भिंगातून पाहता येत असे, हे काम पुष्कळ सुकर केले.

आता अधिकाराविषयी. एमजीएममध्ये अनेकदा चित्रीकरण संपताच दिग्दर्शक पुढच्या चित्रपटावर जात असे आणि संकलकाशी खरा व्यवहार निर्मात्याचा असे. बूथ यांच्या बाबतीत हा निर्माता म्हणजे आयर्व्हिंग थालबर्ग. 'रोमिओ अँड ज्युलिएट'मधील सज्ज्याच्या प्रसंगाच्या त्यांनी थालबर्ग यांच्यासाठी पाच वेगवेगळ्या रचना केल्या होत्या : एक अश्रूंसह, एक अश्रूंविना, एक केवळ क्लोज-अपची, एक केवळ लाँग शॉटची आणि एक दोन्ही मिसळून. निवड थालबर्ग यांची होती हे खरे, परंतु ज्या पाचांतून निवडायचे ते पाच बूथ यांनी घडवलेले होते. त्यानंतर चित्रपट एखाद्या उपनगरातील चित्रपटगृहात अनोळखी प्रेक्षकांना दाखवायचा, प्रेक्षक कोठे चुळबुळ करतात ते पाहायचे आणि गरज पडल्यास काही प्रसंग पुन्हा चित्रित करायचे, अशी पद्धत होती. पुनर्चित्रणाचे हे प्रमाण इतके होते, की कल्व्हर सिटीतील त्या स्टुडिओला 'रीटेक व्हॅली' असे टोपणनाव पडले होते. चित्रपट कोठे कच्चा राहिला आहे आणि नेमके काय पुन्हा चित्रित करावे लागेल, हे सांगण्यास संकलकाइतका योग्य माणूस दुसरा कोण असणार?

परखड

वरील प्रतिसाद माहितीपूर्ण आहे, परंतु त्यातून उभे राहणारे चित्र जरा जास्तच गोजिरवाणे आहे. १९३९ नंतर बूथ ज्या खुर्चीवर बसल्या, ती स्टुडिओच्या नियंत्रणाची खुर्ची होती, आणि त्या नियंत्रणाची किंमत चित्रपटांनी मोजली, हे सांगितल्याशिवाय मूळ प्रश्नाचे उत्तर पूर्ण होत नाही.

जॉन ह्यूस्टन यांचा 'द रेड बॅज ऑफ करेज' (१९५१) हे त्याचे ठळक उदाहरण आहे. पूर्वप्रदर्शनांत प्रेक्षकांचा प्रतिसाद वाईट आला, ह्यूस्टन दुसऱ्या चित्रपटासाठी आफ्रिकेत निघून गेले, आणि त्यांच्या गैरहजेरीत स्टुडिओने चित्रपटाची इतकी छाटणी केली की अखेर तो अवघ्या ६९ मिनिटांचा उरला. वर मूळ कादंबरीतील उताऱ्यांचे निवेदन चढवण्यात आले. निर्णय निर्मितिप्रमुख डोरी शॅरी यांचा होता, पण संकलन विभाग बूथ यांचा होता, आणि लिलियन रॉस यांनी त्या काळी केलेल्या प्रसिद्ध वार्तांकनात बूथ यांचा वावर स्पष्ट दिसतो. जॉन फोर्ड यांच्यासारखे दिग्दर्शक चित्रीकरणच इतके मोजके करीत, की संकलकाकडे पर्यायी तुकडा उरतच नसे. ही काटकसर एका अर्थाने स्टुडिओच्या कात्रीपासून केलेला बचाव होता.

तेव्हा श्रेयनामावलीत नाव नाही याची हळहळ मला वाटत नाही. ज्या कामाची जबाबदारी संपूर्ण कंपनी घेते, त्यावर एका व्यक्तीची स्वाक्षरी नसणे मला तरी सुसंगत वाटते.

चित्रवेडा

दोन्ही प्रतिसादांबद्दल मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न आहे. इतक्या मोठ्या कारकिर्दीत त्यांना ऑस्करचे नामांकन केवळ एकदाच, 'म्यूटिनी ऑन द बाउंटी'साठी, मिळाले. १९७८ मध्ये मानद पुरस्कार मिळाला, पण तोवर त्या ऐंशी वर्षांच्या झाल्या होत्या. ही उपेक्षा त्या स्त्री असल्यामुळे झाली, असे म्हणता येईल का?

दुसरा खेळ

तसे म्हणणे घाईचे होईल. संकलनासाठी ऑस्कर देण्यास सुरुवातच १९३४ च्या चित्रपटांपासून झाली आणि १९३९ मध्ये बूथ यांनी स्वतः चित्रपट कापणे थांबवले. म्हणजे स्पर्धेत उतरण्यास त्यांना जेमतेम पाच वर्षे मिळाली. त्याच काळात सेसिल बी. डमिल यांच्या नेहमीच्या संकलक ॲन बॉचेन्स यांनी 'नॉर्थ वेस्ट माउंटेड पोलीस' (१९४०) साठी हा पुरस्कार मिळवला. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत.

मात्र मूळ प्रश्नाच्या दृष्टीने बार्बरा मॅक्लीन यांचे उदाहरण अधिक बोलके आहे आणि त्यांचा उल्लेख अद्याप कोणी केला नाही याचे नवल वाटते. ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्समध्ये निर्मितिप्रमुख डॅरिल झॅनक यांच्या त्या विश्वासू संकलक होत्या, त्यांना सात नामांकने मिळाली आणि 'विल्सन' (१९४४) साठी पुरस्कारही मिळाला. १९४९ मध्ये त्या संकलन विभागाच्या प्रमुख झाल्या, परंतु त्यानंतरही 'ऑल अबाउट ईव्ह' (१९५०) आणि 'द रोब' (१९५३) हे चित्रपट त्यांनी स्वतः संकलित केले. याचा अर्थ विभागप्रमुख झाल्यावर कात्री खाली ठेवलीच पाहिजे, असा काही धंद्याचा नियम नव्हता.

फरक दोन स्टुडिओंच्या रचनेत होता, असे मला वाटते. झॅनक स्वतः संकलनात बारकाईने लक्ष घालीत, त्यामुळे मॅक्लीन यांच्याकडून त्यांना मुख्यतः कुशल हात हवे होते. एमजीएममध्ये थालबर्ग १९३६ मध्ये वारले आणि मेयर यांच्या हाताखाली निर्मात्यांच्या समितीची राजवट आली. प्रत्येक निर्माता आपापल्या चित्रपटांपुरते पाहू लागला. अशा वेळी सर्व चित्रपटांचे रोजचे चित्रीकरण पाहून 'येथे क्लोज-अप हवा होता' किंवा 'हा प्रसंग जुळणार नाही' असे निःसंकोच सांगणारे एक माणूस कंपनीला आवश्यक होते. थालबर्ग यांची नजर जिने सर्वांत जवळून पाहिली होती, तिलाच त्या जागी बसवले गेले. त्या अर्थाने ही बढतीच होती. कात्री सुटली हे मात्र खरे.

कोल्हापूरकर

विषय हॉलिवूडचा आहे याची जाणीव ठेवून आपल्याकडच्या स्टुडिओंविषयी थोडेसे लिहितो, कारण संकलकाचा पेशा आपल्याकडेही पगारी नोकरी म्हणूनच रुजला. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन होऊन १९३३ मध्ये पुण्यात आलेल्या प्रभात फिल्म कंपनीत संकलन हा स्टुडिओच्या छपराखालचाच एक विभाग होता. 'संत तुकाराम' (१९३६) चे संकलक ए. आर. शेख यांचे नाव आज किती मराठी प्रेक्षकांना आठवते? त्याचे दिग्दर्शक दामले-फत्तेलाल मात्र सर्वांना ठाऊक असतात.

अधिक स्पष्ट उदाहरण कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे आहे. तेथे सुबोध मित्र हे संकलक इतके निष्णात होते, की सहकारी त्यांना 'केंचीदा' (केंची म्हणजे कात्री) म्हणत. त्यांच्या हाताखाली तयार झालेले हृषीकेश मुखर्जी १९५१ च्या सुमारास बिमल रॉय यांच्याबरोबर मुंबईला आले, 'दो बिघा जमीन' (१९५३) आणि 'मधुमती' (१९५८) त्यांनी संकलित केले आणि त्याच दशकात ते दिग्दर्शकही झाले. आपल्याकडे स्टुडिओ लवकर कोसळले आणि पगारी संकलकाला मुक्त व्यावसायिक व्हावे लागले. त्या पडझडीत मुखर्जींसारख्यांना दिग्दर्शनाची वाट सापडली. बूथ यांचा स्टुडिओ टिकला, आणि म्हणून त्याही त्याच इमारतीत टिकून राहिल्या. पुण्यातील प्रभातच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि तेथे संकलन हा रीतसर शिकवला जाणारा विषय आहे. त्या आवारात उमेदवारीची जागा अशी अभ्यासक्रमाने घेतली.

जुने रीळ

'परखड' यांनी दिलेल्या उदाहरणाला एक पुढचा अध्याय आहे, तो नोंदवतो. १९६८ मध्ये एमजीएम सोडल्यावर बूथ निवृत्त झाल्या नाहीत. निर्माते रे स्टार्क यांच्याकडे त्यांनी पुन्हा पर्यवेक्षक संकलकाचे काम स्वीकारले, आणि 'द वे वी वेअर' (१९७३) मध्ये त्यांचे नाव त्याच पदाने झळकते. स्टार्क यांनी निर्माण केलेल्या 'फॅट सिटी' (१९७२) या चित्रपटाच्या संकलनातही त्या होत्या, आणि त्याचे दिग्दर्शक होते जॉन ह्यूस्टन. दहा वर्षांनी 'ॲनी' (१९८२) च्या वेळी हीच दोघे पुन्हा एकत्र आली. 'रेड बॅज'चा राग ह्यूस्टन यांनी बूथ यांच्यावर धरला असता, तर हे दोन चित्रपट असे झाले नसते. ज्याच्या चित्रपटाची छाटणी झाली त्यानेच कात्री आणि कंपनी यांत भेद केला असेल, तर आपणही तो करावयास हरकत नाही.

परखड

भेद मान्य आहे. मात्र स्टार्क हेही निर्मातेच होते आणि बूथ त्यांच्या वतीनेच बसत होत्या, त्यामुळे १९७२ मध्ये ह्यूस्टन यांच्यापुढे निवडीला कितपत वाव होता, हा माझा मुद्दा कायम आहे. 'फॅट सिटी' उत्तम चित्रपट आहे, याबद्दल दुमत नाही.