श्रीलंकेचा दाखला सोलापुरात कशाला?

माढ्याचा बागायतदार: पर्यावरणाचे नियम आले की शेतीचे उत्पादन घटते, असे काल येथे ठणकावून लिहिले गेले आणि पुरावा म्हणून श्रीलंका पुढे केली गेली. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली, भाताचे पीक कोसळले आणि त्याच नोव्हेंबरात बंदी मागे घ्यावी लागली, हे खरे. परंतु पर्यायी खताची सोय न करता केलेल्या घाईचे ते फळ होते. आमच्याकडे ठिबकमुळे त्याच विहिरीवर डाळिंब जगून कांदाही निघतो आणि सौर पंपामुळे रात्रीच्या लाइटीसाठी जागावे लागत नाही.

मोहोळकर: ते लिहिणारा मीच. आपल्या विहिरीला पाणी वर असावे. आमच्या पाचशे फुटी बोअरवर सौर पंपाने ढगाळ दिवशी करंगळीएवढी धार येते आणि बिघाड झाला की दुरुस्तीवाल्याची वाट पाहण्यात पाण्याची पाळी हुकते. सरकारी योजनेत पंपाच्या किमतीचे दहाच टक्के भरले म्हणून आम्ही तक्रारही करू नये काय?

मंगळवेढ्याची ज्वारी: पाचशे फूट! २००९ च्या भूजल कायद्याने अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरपेक्षा (सुमारे दोनशे फुटांपेक्षा) खोल विहिरीला मनाई आहे, हे आपणास ठाऊक असेलच. बिल येत नाही म्हणून ऊन असेपर्यंत पंप चालू ठेवायचा आणि शेजाऱ्याची विहीर कोरडी पाडायची, याला हरित तंत्रज्ञान म्हणवत नाही. पण खरे दुखणे ऊस आहे. उजनी धरणाच्या सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाण्यापैकी निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारे पाणी, उरलेल्यावर उसाचा डोळा, आणि नुसत्या ओलीवर येणाऱ्या आमच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळूनही विचारतो कोण?

मोहोळकर: उसाला एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला किमान दर आहे, कांद्याला काय आहे? बाजार समितीत कांदा विकून गाडीभाडे पदरचे भरलेल्या माणसाला पीकबदलाचे प्रवचन देऊ नये. माझ्या भावाने एक वर्ष ऊस मोडून पाहिला. पुढच्याच हंगामात पुन्हा लावला.

माढ्याचा बागायतदार: विषय उत्पादनाचा होता, म्हणून पाचटाचे, म्हणजे उसाच्या वाळल्या पाल्याचे सांगतो. न जाळता ते सरीत दाबले, बुडखे मोकळे ठेवले, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू संवर्धक टाकले, तर उन्हाळ्यात ओल टिकते आणि खोडव्याच्या (तोडणीनंतर पुन्हा फुटलेल्या उसाच्या) पाण्याच्या पाळ्या लांबवता येतात. यात उत्पादन बुडाले कोठे?

मोहोळकर: पाचटाचे मान्य. मीही जाळत नाही, मात्र ते पृथ्वीच्या प्रेमापोटी नव्हे, पाणी पुरत नाही म्हणून. आणि मंगळवेढेकरांनी कृपया माझ्या बोअरची खोली पुन्हा चारचौघांत मोजू नये.