१०० + १०० = ४०० वॅट? एकदाचं हे गणित निस्तरा कुणीतरी

जुना_डायपोल: कालची पोस्ट वाचून डोकं फिरलं. म्हणे १०० वॅटचे दोन ट्रान्समीटर इन-फेज (म्हणजे लाटा एका तालात) जोडले की व्होल्टेज दुप्पट, पॉवर वर्गात जाते, म्हणून ४०० वॅट, जादाचे २०० म्हणजे "निसर्गाची देणगी"! मग वीज मंडळ कशाला पाहिजे, जोडत सुटा. अहो, हायब्रिड कंबायनरमधून, म्हणजे दोघांची पॉवर एकत्र करणाऱ्या डब्यातून, एकट्या ट्रान्समीटरचे ५०च अँटेनाला जातात, बाकीचे ५० डमी लोड, म्हणजे नुसती पॉवर जिरवणारा रेझिस्टर, तापवतात. दोन्ही इन-फेज आले की डमी गार आणि अँटेनाला २००. चौपट झालंच, पण ५० च्या चौपट.

टॉवरवाला: पोस्ट माझी होती. कंबायनर तुम्ही घुसडलात, मी दोन अँटेनांबद्दल बोलत होतो. प्रत्येकीला १००, समोर फील्ड दुप्पट, म्हणजे एका अँटेनापेक्षा ६ डीबी, म्हणजे चौपट, जास्त. मीटरवर दिसतं ते.

जुना_डायपोल: समोर दिसणारच. बाजूला नल पडतो, म्हणजे दोन्ही लाटा एकमेकींना मारतात, तिथे मीटर घेऊन गेलात कधी?

शेंगदाणा: आणि दोन्ही अगदी खेटून लावल्या तर? तेव्हा नल कुठेच नाही. आता बोला.

जुना_डायपोल: तेव्हा एकीचं फील्ड दुसरीवर चढतं, रेडिएशन रेझिस्टन्स (अँटेनाचा पॉवर बाहेर फेकणारा रोध) दुप्पट होतो, करंट तेवढाच ठेवायचा तर प्रत्येक ट्रान्समीटरला २०० द्यावे लागतात. ४०० मिळतात, पण ४०० भरून.

व्हीयू_काका: पुस्तकं पुरे. मी १४५ मेगाहर्ट्झला एकाच एक्सायटरवर (मूळ सिग्नल देणाऱ्या सेटवर) दोन अॅम्प्लिफायर जोडून कंबायनरमध्ये घातले होते, एका बाजूची कोॲक्स केबल साधारण ६८ सेंटीमीटर जास्त लांब कापली गेली, म्हणजे केबलमधली बरोब्बर अर्धी वेव्हलेंग्थ, लाटा उलट्या तालात. सगळी पॉवर डमीत, आणि डमी होता २५ वॅटचा. बायको विचारत आली काय करपलं.

सांगोलेकर: तुमचं चालू द्या. आमच्याकडे पुणे आकाशवाणीचं मीडियम वेव्ह ७९२ दिवसा ठणठणीत आणि अंधार पडला की भरती-ओहोटी. जमिनीलगत येणारी ग्राउंड वेव्ह आणि आकाशातून परतणारी स्काय वेव्ह एकमेकींना खातात. हेच तुमचं इंटरफेरन्स, फुकटात ऐका.

शेंगदाणा: मीडियम वेव्ह ऐकतं कोण आता? एफएम लावा.

सांगोलेकर: एफएम वाडीवर येतं का? शहरात बसून बोलायला काय जातं! बाजारभाव आम्ही त्यावरच ऐकत आलोय.

व्हीयू_काका: खरा खलनायक शेजारचा एलईडी बल्ब आणि चायना चार्जर. रेडिओतला फेरिट रॉड (आतली अँटेना) आडवा फिरवून बघा, अर्धा खरखराट जातो.

सांगोलेकर: बल्ब तर माझ्याच घरातला निघाला.

टॉवरवाला: आमचा विषय कुठे गेला? आणि दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सी जोडल्या तर पीक (क्षणिक कमाल) ४०० येतोच, टू-टोन टेस्टमध्ये, म्हणजे दोन सूर एकदम देऊन तपासताना, रोज बघतो.

जुना_डायपोल: पीक येतो, सरासरी २००च. आणि तोही साध्या हायब्रिडमधून नाही, तिथे वेगळ्या फ्रिक्वेन्सीची निम्मी पॉवर डमीतच जाते.

टॉवरवाला: बरं बाबा, "निसर्गाची देणगी" शब्द मागे. ६ डीबी मात्र माझे.

जुना_डायपोल: ठेवा. समोर उभे रहा म्हणजे झालं.